घोडीखालचं कुंकू

मागच्या वैशाखात कल्याणला एका मुंजीच्या जेवणात माझ्या मित्राने स्वतःवरच एक विनोद सांगितला. आमच्या वाद्यवृंदातले आजी-माजी सगळे म्हातारे एका टेबलाभोवती खुर्च्या ओढून बसलो होतो. कोणीतरी त्याच्या कानाशी वाकून जोरात विचारलं, "बासुंदी आणू का?" तो म्हणाला, "ओरडू नका हो, मशीन लावलंय." मग कानामागचं ते कातडीच्या रंगाचं यंत्र बोटाने दाखवत पुढे म्हणाला, "मी बहिरा झालो हे अख्ख्या ठाण्याला कळलं, मला एकट्यालाच कळलं नाही. कळणार कसं? ऐकू कुठे येत होतं!"

सगळे हसले. मीही हसलो. त्याची बायको ताटातल्या पुरीचा तुकडा मोडत राहिली.

तो बहिरा नव्हता. त्याचे कान गेले म्हणून आमच्या कार्यक्रमांची माती झाली, असं जे आमच्या मंडळींत इतकी वर्षं बोललं जातं, ते खोटं आहे. दोष मी बनवलेल्या एका वस्तूत होता. मला ते कळलं होतं आणि मी गप्प बसलो. तो हे स्वतः विनोद करून सांगायला लागला आहे, म्हणजे त्याची आता खात्रीच पटली आहे, हे मला त्या टेबलावर दिसलं. म्हणून जे झालं ते लिहितो आहे.

माझा मित्र डबल बेस वाजवायचा. डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच असं व्हायोलिनच्या घराण्यातलं वाद्य. ते जमिनीवर उभं करायचं, त्याला मिठीत घेतल्यासारखं धरायचं आणि जाड तारा बोटांनी छेडायच्या. जुन्या गाण्यांत खाली कुठेतरी धम्म धम्म चालतं, ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं पण जे काढलं की गाणं लटपटतं, ते हे वाद्य. तो कारकुनी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्टेजवर, कधीमधी रेकॉर्डिंगलाही वाजवायचा. कोपरीला रेल्वेच्या बाजूला त्याची दोन खोल्यांची जागा होती. त्यात दाराशेजारी ते वाद्य एखाद्या जाड्या पाहुण्यासारखं उभं असायचं. वहिनी म्हणायच्या, "घरात तिघं माणसं आणि एक हे. ह्यालाच काय ते जेवायला वाढत नाही."

मी कोलशेतच्या एका रासायनिक कारखान्यात मापनयंत्रांच्या विभागात होतो. कुठल्या नळीत किती दाब आहे, टाकीत किती माल आहे, हे सांगणारी यंत्रं दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीतल्या काही हौशी मंडळींनी जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद काढला. नियम एकच, सगळी वाद्यं खरी हवीत. मला वाजवता काहीच येत नव्हतं, पण वायरी जोडता येत होत्या. म्हणून मी आत आलो आणि मग मित्राला आत आणलं. "बेस आहे आपल्याकडे, खराखुरा बेस," असं आमचे संयोजक कार्यक्रम ठरवायला आलेल्या लोकांना छाती पुढे काढून सांगायचे. ते एका बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शिस्तीचे आणि थोडे उतावळे.

अडचण एवढीच, की ह्या वाद्याचा आवाज खोलीत भरून राहतो आणि मैदानात हरवतो. समोर माइक ठेवला तर त्यात ढोलकी आणि ड्रमच जास्त शिरतात. आवाज वाढवला की वाद्याचं पोकळ पोट स्पीकरचाच आवाज पकडतं आणि घुमायला लागतं. म्हणून वाद्याच्या अंगालाच चिकटवायचं पिकअप हवं. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात त्या घोडीची थरथर पकडून तिची वीज करणारी ती एक लहानशी चकती असते.

पहिलं पिकअप आम्ही बाजारातून आणलं. ते एका चिकट लगद्याने घोडीला लावायचं होतं. मे महिन्यात बाळकुमच्या एका संकुलात कार्यक्रम होता, तिथे दिव्यांच्या उष्णतेने लगदा वितळला आणि गाण्याच्या मध्यात पिकअप घरंगळून खाली पडलं. स्पीकरमधून असा दणका आला की पुढच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. दुसरं घोडीच्या खाचेत बसणारं होतं. जाड तार छेडली की ते माशीसारखं गुणगुणायचं. तिसऱ्याला बॅटरी लागायची आणि ती नेमकी शेवटच्या गाण्याआधी संपायची. मित्र म्हणायचा, "अरे इंजिनियर, कारखान्यात तुझ्या टाक्या फुटल्या कशा नाहीत?"

मला ते लागलं. मी घरी बसून स्वतःच एक पिकअप बनवलं. बझरमध्ये असतात तशा दोन पितळी चकत्या घेतल्या, त्यांच्यामध्ये बुचाच्या लाकडाची पातळ चीप घातली, सोल्डर केलं आणि सगळं घोडीच्या पायाखाली पाचर मारल्यासारखं बसवलं. वरच्या बाजूला जोड उघडा ठेवला, कारण तो झाकला की आवाज दबतोय असं मला वाटलं. उघडा जोड ओलीला घाबरतो, हे मला चाळीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. पण स्टेजवर कसली ओल येणार, असं मी धरून चाललो.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा मित्राने सगळ्यात जाड तार एकदाच छेडली आणि हात तसाच ठेवला. सूर खोलीभर गेला आणि सावकाश विरला. "हा माझा आवाज आहे," तो म्हणाला. "आजवर स्पीकरमधून दुसऱ्याच कोणाचा तरी येत होता."

पुढे वर्षभर त्या पिकअपने एकदाही दगा दिला नाही. मी जो येईल त्याला सांगायचो. इतर वाद्यवृंदांतले लोक घोडीखाली वाकून बघायचे तेव्हा मी त्यांच्या मागे उभा असायचो, आणि कोणी काही विचारायच्या आत उत्तर द्यायचो.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला तालमीच्या खोलीत सगळ्या वाद्यांची पूजा व्हायची. सतरंजीवर ढोलकी, बाजा, व्हायोलिनं, बासरी मांडायची आणि मागे भिंतीला टेकून डबल बेस. झेंडूचे हार, आपट्याची पानं. पूजा त्या वर्षी वहिनींनी केली. त्यांनी वाटीत कुंकू पाण्याने सरसरीत कालवलं होतं, कारण ॲम्प्लिफायरच्या काळ्या पेटीवर स्वस्तिक काढायचं होतं. बेसच्या मानेला त्यांनी हळद-कुंकू लावलं, हार घातला आणि त्या पुढे सरकणार, एवढ्यात मी म्हणालो, "वहिनी, ह्याला विसरलात?"

"कशाला?"

"हे काय घोडीखाली. वर्षभर सगळं ह्याच्याच जिवावर चाललंय. हेही आता वाद्यच."

"बघा बाई, भावोजींच्या लेकराला कुंकू नको का!" असं म्हणून त्या हसल्या. घोडीच्या त्या कोपऱ्यात त्यांना नीट दिसत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून चकतीवर टेकवलं. ओलं कुंकू ठिपक्याएवढं नाही, चांगलं बोटभर लागलं. मग त्यांनी ताम्हनातलं पाणी फुलाने सगळ्यांवर शिंपडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

दसऱ्यानंतरच्या तालमी छान झाल्या. तालमीची खोली डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये होती. तिथे एसी चालायचा आणि हवा कोरडी असायची. बेस पूर्वीसारखाच बोलत होता.

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ठाण्यात एका मोकळ्या मैदानात होता. गवतावर दव इतकं होतं की खुर्च्या पुसून घ्याव्या लागल्या. माणसं उटणं लावून, नवे कपडे घालून, लहान मुलांना अर्धवट झोपेत उचलून आली होती. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसऱ्याला बेसचा खालचा आवाज हळूहळू नाहीसा व्हायला लागला. स्पीकरमधून धम्म यायचं तिथे नुसतं टक् टक् येत होतं, कोणी लाकडावर नख मारतंय तसं. कोणता सूर लागला तेच कळेना. गायिका मागे वळून बघायला लागल्या. संयोजकांनी हाताने खूण केली, मोठ्याने. मित्राने जोर लावला. जोर लावला की बोटं घाई करतात, तशी त्याची लय किंचित पुढे गेली. साउंडवाल्याने आवाज चढवला, तर सगळं घुमायला लागलं.

मी वायर तपासायच्या निमित्ताने वाद्याच्या अगदी जवळ जाऊन बसलो होतो. माझा खांदा त्या लाकडाला लागत होता. लाकडातून मला सूर स्वच्छ ऐकू येत होते. प्रत्येक सूर जागेवर होता. स्पीकरमधून येत होतं ते काही वेगळंच होतं.

कार्यक्रम संपल्यावर फराळाच्या ताटांजवळ संयोजक त्याला म्हणाले, "आज काय झालं होतं तुम्हाला?"

"मलाही कळलं नाही हो. खालचं काही ऐकूच येईना."

"तुम्हाला ऐकू येईना?" संयोजकांनी भुवया वर केल्या.

त्याला म्हणायचं होतं की स्पीकरमधून येईना. पण तोंडातून निघालं ते असं, आणि ते तिथेच पकडलं गेलं. त्या सकाळपासून आमच्यात 'कान' हा शब्द सुरू झाला. मी तिथेच चकली खात उभा होतो. मी म्हणालो, "साउंडवाल्याची गडबड असेल." एवढंच म्हणालो.

पुढच्या तालमीला एसीत सगळं पुन्हा ठीक झालं आणि तेच त्याच्या विरुद्ध गेलं. "इथे बरोबर वाजतं, मग स्टेजवर काय होतं?" संयोजक म्हणाले. "वय झालं की गर्दीत, गोंगाटात ऐकू येत नाही म्हणतात. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं." माझा मित्र हे शांतपणे ऐकत होता. मग एका संध्याकाळी त्याने मला फोन केला. "अरे, काल नातीने हाक मारली ती मला ऐकू आली नाही. म्हणजे आहे की काय खरंच?" नात आतल्या खोलीत, दार लावून, पंख्याखाली होती. पण एकदा संशय आला की माणूस पुरावे गोळा करायला लागतो.

तो कान तपासायला गेला. त्याच्या वयाला जितकं कमी व्हायचं तितकं कमी झालेलं निघालं. तिथल्या माणसाने मशीन सुचवलं. त्याने घेतलं. ते यंत्र बोलणं ठळक करतं आणि जाड, खालचे आवाज दाबतं. ते लावून तो घरी बेस वाजवायला बसला आणि मला म्हणाला, "डब्यावर मारल्यासारखा वाजतोय. म्हणजे इतके दिवस मी असाच वाजवत होतो, आणि मला कळत नव्हतं."

मी म्हणालो, "सवय होईल." आता हे वाक्य आठवलं की मला स्वतःचंच तोंड बघावंसं वाटत नाही.

थंडीत डोंबिवलीला पश्चिमेकडे एका मैदानावर कार्यक्रम झाला. खाडीकडून गार, दमट वारा येत होता. पुन्हा तेच झालं. उलट जास्तच झालं, कारण आता तो कानात ते यंत्र लावून वाजवत होता आणि स्वतःच्या प्रत्येक सुरावर शंका घेत होता. एका गाण्यात तो मध्येच थांबला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, झोपले का?" लोक हसले. त्याने तार धरून ठेवली आणि पुढचं पूर्ण कडवं तो नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी कोपरीला जाऊन पिकअप काढून घरी आणलं. टेबलावर दिव्याखाली धरलं आणि सगळं समजलं. सोल्डरच्या जोडाभोवती लाल-काळी पपडी धरली होती आणि पितळेला कडेने हिरवट गंज चढला होता. कुंकू कोरडं असतं तोवर काही करत नाही. हवेत ओल आली की ते ओल ओढून घेतं आणि त्यातून वीज झिरपून जाते. चकतीतून येणारी वीज मुळातच नखाएवढी असते. त्यातली थोडी झिरपली की आधी खर्ज जातो, वरची टकटक तेवढी शिल्लक राहते. मी मीटर लावून पाहिलं, मग जोडावर तोंडाची वाफ सोडून पुन्हा पाहिलं. काटा खाली आला. शिकाऊ मुलांना मी हेच शिकवायचो, यंत्र उघडं ठेवू नका.

स्पिरिटने सगळं घासून काढलं. नवा जोड दिला आणि त्यावर राळेचा थर देऊन तो पक्का बंद केला. जे आधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. मग पिकअप परत नेऊन बसवलं. मित्राने विचारलं, "काय निघालं?"

"थोडा कचरा होता. साफ केला."

"मग ठीक आहे ना आता?"

"एकदम."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. मी स्वतःची समजूत घातली की वहिनींसमोर कसं सांगायचं, त्यांच्या बोटाने झालं म्हणून त्यांना वाईट वाटेल. हे निमित्त मी पुढे बरेच दिवस वापरलं. खरं कारण ते नव्हतं. बोट त्यांचं होतं, पण ते धरून तिथे नेणारा मी होतो. आणि उघडा जोड माझा होता. ज्या वस्तूबद्दल मी वर्षभर गावभर फुशारक्या मारल्या ती माझ्याच शेखीमुळे बिघडली, हे मला उघड्यावर येऊ द्यायचं नव्हतं. कारण एवढंच, आणि इतकं लहान.

त्यानंतरच्या रविवारी क्लबहाउसमध्ये बैठक झाली. संयोजकांनी विषय आडून आडून काढला. पुढचा कार्यक्रम मोठा आहे, जोखीम नको, कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवून घेईल, वगैरे. 'खरी वाद्यं'वाल्या नियमाची आठवण कोणी काढली नाही. मित्र खाली बघत होता. तेव्हा आमच्या गायिका ताई मध्येच म्हणाल्या, "एक मिनिट. कान कान काय लावलंय? पिकअपचं काही असेल. ते एकदा नीट बघितलंय का कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पिकअप मी ह्याच आठवड्यात उघडून तपासलंय. त्यात काही दोष नाही."

ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तपासलं होतं. दोष नव्हता, त्या दिवशी नव्हता. असं वाक्य मला तयार करावंसुद्धा लागलं नाही, ते आपोआप आलं.

मित्राने मान वर केली आणि म्हणाला, "त्याने बघितलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मशीनच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शब्द." मग संयोजकांकडे वळून, "साहेब, माझ्यानेच होत नाही आता. उगीच तुमच्या कार्यक्रमाची शोभा कशाला घालवू?" ताई काही बोलणार होत्या, पण त्याने हात जोडले आणि त्या गप्प झाल्या.

बेस टेम्पोतून कोपरीला परत गेला. मी सोबत गेलो होतो. वाटेत तो मला म्हणाला, "तुझं पिकअप काढून घे रे, दुसऱ्या कोणाच्या कामाला येईल." मी काढून घेतलं. मी ते तेव्हाच त्याच्या वाद्याला जोडून, एखाद्या ओल्या संध्याकाळी वाजवून दाखवलं असतं तरी सगळं सुटलं असतं. पण मग आधीचं का बिघडलं होतं, हा प्रश्न आला असता.

पुढे कोपरीची इमारत पाडायला काढली आणि ते मुलाकडे बाळकुमला राहायला गेले. मोठ्या संकुलात, वरच्या मजल्यावर. मी तिकडे कमी जायला लागलो. गेलो तरी बेसचा विषय निघायच्या आत उठायचो. तो वाजवत नव्हता, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि मग ती मुंज आली.

मुंजीनंतरच्या आठवड्यात मी बाळकुमला गेलो. दुपारची वेळ होती. मुलगा-सून कामावर गेली होती. वहिनी वाटाणे सोलत होत्या. तो पेपर वाचत होता.

मी बसलो आणि म्हणालो, "तुझे कान गेले नव्हते."

"काय?"

"मोठ्याने बोलू?"

"ऐकू येतंय. अर्थ लागत नाहीये."

मी सगळं सांगितलं. दसरा, कुंकू, दव, पपडी, बैठक. काही गाळलं नाही. मध्येच त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला, पण मला थांबवलं नाही.

आधी वहिनी बोलल्या. "म्हणजे माझ्या हाताने झालं?"

"नाही वहिनी. मीच तुमचं बोट धरून तिथे—"

"ते आठवतंय मला," त्या म्हणाल्या. "मी तेच विचारतेय. पिकअप परत बसवायला आलात त्या दिवशी मी चहा घेऊन समोर उभी होते. दोन शब्द बोलायला तुम्हाला झालं काय होतं, भावोजी? हे माणूस रात्र रात्र जागायचं. सुनेने पोळीचं विचारलं तरी दोनदा विचारायचं, की आपण चुकीचं तर ऐकलं नाही ना!"

मित्राने एकच प्रश्न विचारला. "दिवाळी पहाटेला. तिसरं गाणं. कडवं संपताना खालच्या तारेवर उडी आहे. ती लागली होती?"

"लागली होती. लाकडाला टेकून बसलो होतो मी. बरोबर जागेवर होती."

"आणि तू तेव्हाच ऐकलीस."

"हो."

तो उठला. बेस गॅलरीच्या दाराजवळ एका जुन्या चादरीखाली उभा होता. त्यावर वाळत घातलेले टॉवेल होते. ते त्याने एकेक करून खुर्चीवर टाकले आणि चादर काढली. तारा उतरवून ठेवल्या होत्या. त्याने खुंट्या पिळून त्या चढवायला सुरुवात केली. बराच वेळ लागला, तार चढायची आणि पुन्हा उतरायची. मी मदतीला उठलो तर म्हणाला, "बस तू." मग कानातलं यंत्र काढून त्याने टीव्हीवर ठेवलं.

त्याने तीच जागा वाजवली, कडव्याचा शेवट आणि ती उडी. डावा हात खाली सरकला आणि थोडा अलीकडेच थांबला. त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा अलीकडेच. तिसऱ्या वेळी बोट पोचलं, पण तार पूर्ण दाबली गेली नाही आणि सूर फाटका आला. त्याने बोटांची टोकं माझ्यासमोर धरली. पूर्वी तिथे घट्टे होते, चिंचोक्यासारखे टणक. आता ती बोटं कोणत्याही पेन्शनरची होती.

"ऐकू येतंय मला," तो म्हणाला. "स्वच्छ येतंय. मशीनशिवाय. बेसूर आहे."

मी म्हणालो, "सराव केलास तर..."

"वय काय माझं?"

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"तेव्हा वाजत होतं," तो म्हणाला. "तेव्हा म्हणालात वाजत नाही. आता म्हणता वाजत होतं, तर आता वाजत नाही." 'म्हणालात' म्हणाला तो मला. आम्ही शाळेपासूनचे. त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

त्या रविवारी मी क्लबहाउसमध्ये जाऊन सगळ्यांसमोर हे सांगितलं. आमच्याकडे आता नवे, तरुण लोकही आहेत. त्यांना कळेना की हे काका कशाबद्दल बोलताहेत. संयोजक खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "जाऊ द्या हो, झालं गेलं. त्यांचंही वय झालंच होतं." मी म्हणालो, "नव्हतं झालं. तेच सांगतोय." मग त्यांनी माझ्यादेखत मित्राला फोन लावला, आणि हे त्यांनी मनापासून केलं, हेही लिहिलं पाहिजे. "या तुम्ही परत," ते म्हणाले. "बेसशिवाय मजा नाही." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. संयोजकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "हात गेला म्हणतात."

ताई माझ्याशी काहीच बोलल्या नाहीत. जाताना चपला घालत असताना एवढंच म्हणाल्या, "मी विचारलं होतं हो तुम्हाला. नाव घेऊन विचारलं होतं."

आता कोणी त्याच्या कानांचा विनोद केला तर निदान आमच्या मंडळींना खरं काय ते माहीत आहे. त्याचा आवाज दव पडलेल्या सकाळीही शाबूत होता. माझी वस्तू नव्हती. पुढे त्याचा हात गेला, तोही वयाने गेला नाही. त्याने वाजवणं बंद केलं म्हणून गेला आणि बंद केलं ते माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून. माझ्याकडून सांगायचं ते इतकंच.

परवा मी न राहवून बाळकुमला फोन केला. वहिनींनी उचलला. मी विचारलं, कसा आहे. त्या म्हणाल्या, "दुपारी दार लावून बसतात आत. मशीन काढून ठेवतात."

"वाजवतो?"

"तेच तेच वाजवतात. ती एकच जागा." मागून खरंच काहीतरी येत होतं, जाड आणि अडखळणारं, पण फोनवर नीट कळत नव्हतं.

"मी येऊन जाऊ का वहिनी, एखाद्या दिवशी?"

"मी विचारलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "इतक्यात नको म्हणालेत."